पोतनीसांनी खाल्लेला पेढा

"भोईटे, सही करू नका," खिडकीच्या आतून पोतनीस म्हणाले. "तुमचा पेढा मी खाल्लाय."

माझं पेन कागदावर टेकलंच होतं. महिन्यातून एकदा भत्त्याच्या ऑफिसात यायचं, 'मी अद्याप बेकार आहे' या छापील वाक्याखाली सही करायची आणि घरी जायचं, एवढं एकच काम तेव्हा मला उरलं होतं. ते मी वेळेवर आणि नीटनेटकं करत असे.

"कुठला पेढा, साहेब?"

"कंदी. शनिवारचा. तुम्हाला नोकरी लागली त्याचा."

"पेढा खरा होता साहेब. नोकरी खोटी निघाली."

"पेढा खरा होता हे मी शपथेवर सांगू शकतो," पोतनीस म्हणाले. "नोकरीचं मला कसं सांगता येणार? नोकरी काही माझ्यापर्यंत आली नाही. पेढा आला."

माझ्यामागं रांगेत आमच्याच कारखान्यातले तिघेचौघे उभे होते. त्यांनीही शनिवारी पेढे खाल्ले होते, पण त्या क्षणी ते सगळे भिंतीवरचं हिवतापाचं पोस्टर वाचण्यात गढून गेले.

ही गोष्ट साताऱ्यातली, आता बरीच जुनी. आमचा कारखाना स्कूटरचे हॉर्न बनवायचा. बावीस वर्षं माझं काम एकच होतं. समोर आलेला हॉर्न वाजवून बघायचा, वाजला तर पुढं सरकवायचा. एवढे हॉर्न वाजवूनही मी स्वतः कुणाच्या पुढं गेलो नाही, ते असो. एका सकाळी कारखान्याच्या फाटकाला कुलूप दिसलं. मालक पुण्याला गेले होते, आणि पुण्यात कुठं, हे त्यांच्या ड्रायव्हरलाही माहीत नव्हतं. आमच्या पगारातून दरमहा सरकारी विम्याची वर्गणी कापली जायची. तिच्या जोरावर बंद पडलेल्या कारखान्यातल्या माणसाला वर्षभर अर्धा पगार भत्ता म्हणून मिळे आणि घरच्यांचं दवाखान्याचं कार्ड चालू राही. अट एकच. माणूस बेकार पाहिजे.

मला भत्त्यापेक्षा कार्डाची काळजी होती. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी ठरलं होतं, कार्डावर, फुकट. ती तारीख मिळवायला मी दवाखान्याच्या इतक्या फेऱ्या मारल्या होत्या की तिथला वॉचमन मला स्टाफपैकी समजून सलाम करू लागला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता आणखी थांबलात तर डोळ्यातला दाब वाढेल, मग ऑपरेशन करूनही काही हाती लागणार नाही. बाहेर पैसे भरून करायची आमची ऐपत नव्हती.

"साहेब, भत्ता बंद करा हवं तर. कार्ड राहू द्या. आईचं ऑपरेशन आहे."

"तसं करता येत नाही, भोईटे. भत्ता गेला की कार्ड गेलं."

पोतनीस वाईट माणूस नव्हते. आमच्याच मागच्या गल्लीत राहायचे. फक्त नियमाचे होते. त्यांच्याकडे दूधवालाही पावती देऊन जात असे.

"मग मी काय करू?"

"त्या कंपनीकडून लिहून आणा की तुम्ही तिथं नोकरीला नाही."

"मी सांगतोय ना तोंडी."

"तोंडी पेढा चालतो," पोतनीस म्हणाले. "तोंडी नकार चालत नाही. पुढचे कोण?"

बेकार माणसाला नोकरी मिळत नाही, हा एक गैरसमज आहे. कुलूप लागल्यानंतरच्या आठ महिन्यांत मला जेवढ्या नोकऱ्या सांगून आल्या, तेवढ्या कारखाना चालू असताना कधी आल्या नव्हत्या. घरबसल्या पेन्सिली डबीत भरायची एक आली. आधी पेन्सिली विकत घ्यायच्या होत्या. आखातात सुपरवायझरची आली. व्हिसा, विमानाचं तिकीट आणि सुपरवायझरचा कोट यांचे पैसे आगाऊ मागितले होते. एका बाईंनी फोन करून सांगितलं, तुमच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर उभारू आणि त्याचा राखणदार म्हणून तुम्हालाच पगारावर ठेवू. म्हटलं, बाई, आम्ही तळमजल्यावर भाड्यानं राहतो. त्या म्हणाल्या, "चालेल."

या सगळ्यांना मी पुरून उरलो. सापडलो तो 'उत्कर्ष मेगा वेलनेस'च्या तावडीत, कारण ती नोकरी मला नव्हे, आईला पसंत पडली होती.

पत्र आलं ते शालननं, म्हणजे माझ्या बायकोनं, मोठ्यानं वाचलं. 'विभागीय व्यवस्थापक, मानवी कल्याण.' आई भिंतीला टेकून लसूण सोलत होती. लसूण तिला दिसत नव्हता, पण तिच्या बोटांना त्याची गरज नव्हती.

"जा," आई म्हणाली.

"आई, हे बी तसलंच असंल."

"असंना. बघून तर ये. कल्यान म्हनत्यात, वंगाळ काय म्हनत न्हाईत."

ऑफिस पोवई नाक्यावर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होतं. मुलाखत घ्यायला हर्षल सर नावाचा एक तरतरीत पोरगेलासा गृहस्थ बसला होता. गळ्यात टाय, टायला पिन, आणि पिनेवर पुन्हा कंपनीचं नाव.

"मागचा अनुभव, सर?"

"हॉर्न टेस्टिंग."

"म्हणजे कम्युनिकेशन," तो म्हणाला आणि तसं टिपून घेतलं. "अभिनंदन. सोमवारपासून ट्रेनिंग."

मी घरी येऊन सांगितलं ते हसत हसतच सांगितलं. आई मात्र हसली नाही. शनिवारी सकाळी तिनं शालनला राजवाड्यावर पिटाळून कंदी पेढे आणवले, पुडा पदराखाली घेतला आणि भिंती चाचपत निघाली.

"आई, सोमवार तर होऊ दे."

"पेढं काय सोमवारपतुर थांबत्यात व्हय," ती म्हणाली.

त्या दिवशी मारुतीच्या देवळात दिसेल त्याला, म्हणजे खरं तर न दिसेल त्याला, तिनं पेढे वाटले. शनिवारी त्या देवळात सगळी पेठ लोटते. त्या गर्दीत पोतनीसांचा हात पुढं आला असणार आणि त्यावर एक पेढा पडला असणार, हे ओघानंच आलं.

सोमवारी गेलो तर हॉलमध्ये चाळीसेक माणसं बसलेली. चौकशी केली. सगळे विभागीय व्यवस्थापक होते. सातारा जिल्ह्यात तालुके अकरा. मग हर्षल सरनं एक पडदा बाजूला केला आणि मागं एक गादी उभी केलेली दिसली. चुंबकीय गादी. तिच्यावर झोपलं की रक्त शुद्ध होतं, गुडघ्यात वंगण धरतं, मोतीबिंदू विरघळतो. आम्ही प्रत्येकानं आधी एक गादी विकत घ्यायची आणि मग चौघांना घ्यायला लावायची, म्हणजे ते चौघेही विभागीय व्यवस्थापक झाले.

"पगार?" मी विचारलं.

"अनलिमिटेड."

"महिन्याला का वर्षाला?"

"सर," हर्षल सर मायेनं म्हणाला, "तुम्ही अजून नोकरदारासारखा विचार करताय."

मधल्या सुट्टीत चहा झाल्यावर मी घरी आलो आणि परत गेलो नाही. एवढीच ती नोकरी. आणि दुसऱ्या दिवशी मंगळवारी पोतनीसांच्या खिडकीत तिच्यावरून माझा भत्ता अडला.

मी तसाच पोवई नाक्यावर गेलो.

"मी इथं नोकरीला नाही, एवढी एक ओळ लिहून द्या."

"सर, आपल्याकडे कुणी नोकरी सोडत नाही," हर्षल सर म्हणाला. "लोक फक्त पॉज घेतात."

"मग नोकरीला आहे असं लिहून द्या. पगार तरी मागतो."

"तसं कसं लिहिणार? आपण नोकरी देत नाही सर. संधी देतो."

"हेच लिहून द्या."

"काय?"

"की तुम्ही नोकरी देत नाही."

तो खुर्चीत मागं रेलला आणि माझ्याकडे कौतुकानं बघत राहिला. "सर, तुमच्यात स्पार्क आहे. असा माणूस मला सोडवत नाही. एक काम करा. गादी घ्या. गादी घेतलेल्या माणसाला कंपनी मागेल ते लिहून देते."

गादीची किंमत माझ्या तीन महिन्यांच्या भत्त्याएवढी होती. म्हणजे बेकार असल्याचं सिद्ध करायला मला आधी चांगली नोकरी लागायला हवी होती.

घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "आना की मग गादी. मोतीबिंदू इरघळतो म्हनत्यात."

"कोण म्हणतंय?"

"तूच सांगिटलास काल."

"मी हसत सांगितलं आई."

"तुझं हसनं मला कुठं दिसतंय?"

शालन मध्ये पडली. "आत्या, ऑपरेशन फुकटात होतंय. गादीला तीन महिन्यांचं पैसं."

"फुकाट कसलं असतंय कुनास ठावं," आई म्हणाली. "आन् नोकरी काय वाईट हाय त्यात? बसून करायची. टाय हाय. चा मिळतो."

शालन स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागं गेलो.

"त्यांना लाज वाटती," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरगा भत्त्यावर बसलाय म्हणून. चारचौघांत म्हणत नाहीत, एवढंच."

मलाही तेच वाटलं होतं. आम्ही दोघांनीही ते मनाला लावून घेतलं आणि त्या दिवशी आमटीत मीठ जरा जास्तच पडलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खिडकीत. "साहेब, ते लिहून देत नाहीत. तुम्हीच येऊन बघा. नोकरी दिसली तर माझा भत्ता बंद."

पोतनीसांनी कपाट उघडून आत काहीतरी वाचलं. "प्रत्यक्ष पाहणी नियमात बसते," ते म्हणाले. "पण मी सरकारी माणूस आहे हे तिथं बोलायचं नाही. माणसं सावध होतात."

ते त्यांनी मला पुनःपुन्हा बजावलं. पुढं जे झालं त्यात माझा दोष एवढाच, की मी त्यांचं ऐकलं.

ऑफिस सुटल्यावर आम्ही दोघं त्या झेरॉक्सवरचा जिना चढलो. हर्षल सर दारातच होता.

"हे माझे शेजारी, पोतनीस," मी म्हटलं.

"सरांचा अनुभव?"

"मी लोकांचे अर्ज तपासतो," पोतनीस म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही.

"पीपल मॅनेजमेंट," हर्षल सर टिपून घेत म्हणाला.

पोतनीसांनी खिशातून पेन्सिल काढली. "हजेरीपत्रक कुठं असतं?"

"सर, आपण इथं मनानं हजर असतो."

"रजा किती?"

"घ्यावीशीच वाटत नाही सर."

"निवृत्तीचं वय?"

"सर, आपण उलट तरुण होत जातो."

पोतनीसांनी सगळी हयात लोकांची उत्तरं ऐकण्यात घालवली होती, पण अशी उत्तरं त्यांनी ऐकली नव्हती. त्यांची पेन्सिल हळूहळू मंदावली. तेवढ्यात हर्षल सरनं आवाज एकदम खाली आणला.

"सरांची पाठ कशी आहे?"

पोतनीसांचा हात पाठीमागं गेला. तीस वर्षं त्या खिडकीमागच्या लाकडी खुर्चीत बसले होते, आणि या काळात त्यांना लोकांनी पुष्कळ काही विचारलं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं.

"आहे आपली," ते म्हणाले. "सकाळी उठताना जरा..."

"या सर. बूट काढा."

मी काही बोलायच्या आत पोतनीस चुंबकीय गादीवर आडवे झाले. दोन मिनिटांत त्यांचे डोळे मिटले आणि पाच मिनिटांत ते घोरू लागले. हॉलमध्ये विसेक माणसं होती. हर्षल सरनं तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना जवळ बोलावलं.

"ऐका," तो कुजबुजला. "हा रिझल्ट आहे."

पोतनीस जागे झाले ते टाळ्यांनी. उठून बसतात तोवर त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार पडला, कुणीतरी फोटो काढला आणि हर्षल सरनं जाहीर केलं की पोतनीस सरांसारख्या माणसाला विभागीय व्यवस्थापक करणं हा त्यांचा अपमान होईल, म्हणून ते थेट वरिष्ठ विभागीय व्यवस्थापक.

आम्ही जिना उतरू लागलो. पोतनीस म्हणाले, "भोईटे, पाठ खरंच हलकी वाटतेय हो."

"झोप झाली म्हणून साहेब."

"असेल. पण माणसं सौजन्यशील आहेत."

"माझ्या भत्त्याचं काय ठरलं?"

"अवघड आहे," पोतनीस म्हणाले. हार अजून गळ्यात होता. "तिथं नेमणूक होत नाही असं मला आता लिहिता येणार नाही. मी डोळ्यांनी बघितली. हार घालतात म्हणजे काहीतरी आहेच की."

अशा रीतीनं जी गोष्ट फक्त पेढ्यानं अडली होती, ती मी स्वतःच्या प्रयत्नांनी हारापर्यंत नेऊन ठेवली.

पुढचे दोन दिवस मी उसने पैसे कुठं मिळतील याचा विचार करत काढले. आई मजेत होती. तिनं दोनदा आपण होऊन विचारलं, "कार्ड बंद झालं का रं?" मी म्हटलं, अजून नाही. ती म्हणाली, "हुईल, हुईल." मला वाटलं, धीर देतेय.

शनिवारी सकाळी भाजी आणायला पोवई नाक्यावर गेलो आणि हातातली पिशवी घेऊन तसाच उभा राहिलो. चौकात एक फ्लेक्स लागला होता. आमच्याकडे कुत्र्याच्या पिल्लाचा वाढदिवस असला तरी फ्लेक्स लागतो, पण हा मोठा होता, दुमजली. वर पोतनीस. गळ्यात झेंडूचा हार, डोळे नुकतेच उघडलेले, केस एका बाजूनं उभे. खाली लिहिलं होतं, 'आमचे मार्गदर्शक मा. पोतनीस साहेब यांची वरिष्ठ विभागीय व्यवस्थापकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' त्याखाली शुभेच्छुकांचे छोटे छोटे फोटो. तिसऱ्या ओळीत मी होतो. मुलाखतीच्या वेळी दिलेला फोटो.

साताऱ्यात माणूस कुठूनही कुठंही निघाला तरी त्याला पोवई नाका लागतोच. पोतनीसांच्या साहेबांनाही लागत असे.

दुपारी मी जेवून पडलो होतो, तेव्हा बाहेर फाटक वाजलं आणि कुणीतरी खाकरलं.

"शालन," आई जागेवरूनच म्हणाली, "पोतनीस आल्यात. पानी आन."

खरोखरच पोतनीस होते. घामाघूम. खुर्चीत बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"भोईटे, साहेबांचा फोन होता. म्हणाले, अभिनंदन पोतनीस, सोमवारी आल्या आल्या मला भेटा."

"छान झालं की."

"छान काय? सरकारी माणसाला दुसरी नोकरी करता येत नाही. वर्षभरावर माझी निवृत्ती आली. पेन्शन आहे, ग्रॅच्युइटी आहे. चौकशी लागली तर सगळं अडकेल."

"पण तुम्ही कुठं नोकरी करताय?"

"तेच म्हणतो मी. नोकरी आहे का ती? पगार नाही, हजेरी नाही, रजा नाही. त्याला नोकरी म्हणतात का कुणी?"

"हार घातला होता साहेब."

पोतनीसांनी पाण्याचा घोट घेतला. "हार काय, कुणालाही घालतात."

"तेही खरंच. पण फ्लेक्स लागलाय. पेढ्यापेक्षा फ्लेक्स मोठा."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. शालनच्या हातातून भांडी सहसा पडत नाहीत.

"तुम्ही टोमणे मारताय," पोतनीस म्हणाले.

"छे. मी विचारतोय, सोमवारी साहेबांना काय लिहून देणार?"

"लिहिलंय मी. तोंडपाठ आहे. 'भत्त्याच्या प्रकरणी प्रत्यक्ष पाहणीसाठी गेलो असता असे आढळून आले की, सदर संस्था कोणालाही नोकरी देत नाही.'"

"कोणालाही?"

"कोणालाही."

"म्हणजे नक्की कुणाकुणाला?"

पोतनीस माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला पहिल्यांदाच वाटलं की या माणसालाही हसता येत असावं.

"कोणालाही म्हणजे कोणालाही," ते म्हणाले. "तुम्ही धरून. मंगळवारी या आणि सही करा."

मी उठून त्यांचे हात हातात घेतले. शालन चहा घेऊन आली, तिनं बशीत चिवडाही आणला, आणि पोतनीस इतके मोकळे झाले की आईकडे वळून म्हणाले, "आजी, तुमच्या पेढ्यानं केवढी धावपळ झाली बघा. मी घ्यायलाच नको होता. पण एवढ्या लांब आलात, म्हणून नाही म्हणवेना."

"लांब कुठं," मी म्हटलं. "देऊळ कोपऱ्यावर तर आहे."

"देवळात नाही हो. मी शनिवारी देवळात जातच नाही, गर्दी असते. आजी माझ्या घरी आल्या होत्या. मागच्या गल्लीत. भिंत धरून धरून. बेल वाजवली आणि विचारलं, भत्त्याच्या हापिसातले पोतनीस तुम्हीच का? म्हटलं हो. तर म्हणाल्या, माझ्या अंकुशला नोकरी लागली, तेवढं तुमच्या वहीत लिवून टाका. मी म्हटलं मंगळवारी बघतो. तर जाता जाता पुन्हा म्हणाल्या, इसरू नगा."

त्यांनी चिवडा संपवला, चहा संपवला, टोपी घातली आणि गेले. आईची बोटं लसणाच्या एकाच पाकळीवर फिरत होती. तिचं साल केव्हाच निघालं होतं.

"आई, कार्ड बंद व्हायला पाहिजे होतं तुला?"

तिनं ती पाकळी बाजूला ठेवली.

"भत्त्याची लाज वाटत होती का?"

"लाज कसली त्यात," ती म्हणाली. "तुझंच कापलेलं पैसं तुला देत्यात. कार्ड ऱ्हाईलं की आपरेशन आलं. म्हनून."

शालन तिच्याजवळ जाऊन बसली. "आत्या, काही कळतसुद्धा नाही हो. वीस मिन्टांत होतंय."

"त्येंचं बी तेवढंच हुतं," आई म्हणाली.

त्येंचं म्हणजे माझ्या वडलांचं. मी शाळेत होतो तेव्हा त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, किरकोळ आहे, संध्याकाळी चहा पाजा. ते आतून परत आले नाहीत.

"चालत गेलं आपल्या पायानं," आई म्हणाली. "मी भाईर बाकड्यावर. म्हनलं, दारात येकदा वळून बघतील. गडबड हुती, न्हाई वळलं. मला बी हाक मारायचं सुचलं न्हाई. मग बघायचं ऱ्हाऊनच गेलं."

एवढंच. ती पुन्हा लसूण सोलायला लागली. शालननं ताटातल्या अर्ध्या पाकळ्या आपल्याकडे ओढल्या आणि तीही सोलायला बसली. मी म्हटलं, "तुला नको असलं तर नको. मी पोतनीसांना सांगतो."

"बघते," आई म्हणाली.

सोमवारी पोतनीसांनी लिहून दिलं, साहेबांनी ते मान्य केलं आणि फ्लेक्स उतरला. मंगळवारी मी 'मी अद्याप बेकार आहे' याखाली सही केली. इतकी झोकदार सही मी लग्नाच्या वेळीही केली नव्हती. घरी येऊन आईला सांगितलं, कार्ड राहिलं. ती "बरं" म्हणाली. बुधवारी संध्याकाळी शालन तिचे केस विंचरत होती, तेव्हा आई एकदम म्हणाली, "अंकुश, मी जाईन. पर आत जाताना दारात थांबनार. वळून बघनार. तू जागचा हलायचं न्हाईस."

"न्हाई हलत."

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला घोर नको. डोळा उत्तम निघाला. त्या डोळ्यानं तिनं पुढं कित्येक वर्षं तांदळातले खडे, शालनच्या कामातल्या चुका आणि माझ्या शर्टावरचे डाग शोधले. मला त्या दिवाळीनंतर खंबाटकी घाटाच्या पलीकडं एका खऱ्या कारखान्यात काम मिळालं. हर्षल सर उन्हाळ्याच्या आत ऑफिस बंद करून गेला. कुणी म्हणालं बेळगावला, कुणी म्हणालं संधी घ्यायला. पोतनीस वेळेवर निवृत्त झाले, पेन्शनसकट.

गुरुवारी सकाळी दवाखान्यात आईला हिरवा झगा घातला. त्यात ती फार लहान दिसायला लागली. डोळ्यात औषधं घातली होती, त्यामुळं होतं नव्हतं तेवढंही तिला दिसत नव्हतं. सिस्टरनं दंडाला धरून तिला त्या लांब पॅसेजमधून नेलं. मी बाकड्याजवळ उभा राहिलो, ठरल्याप्रमाणे. शालन माझ्यामागं होती.

दाराशी पोचल्यावर आई थांबली. "जरा दम धर बाई," ती सिस्टरला म्हणाली आणि वळली.

वळली आणि हसली. तोंडभरून, ओळखीचं हसली. पण माझ्याकडे बघून नव्हे. माझ्या डाव्या हाताला, बरंच पलीकडे, भिंतीला आग विझवायच्या वाळूच्या लाल बादल्या टांगल्या होत्या. ती त्यांच्याकडे बघून हसत होती आणि मान हलवत होती.

मी चपला तिथंच काढल्या. पाय न वाजवता भिंतीच्या कडेनं सरकत गेलो आणि बादल्यांच्या पुढं जाऊन उभा राहिलो, ती बघत होती बरोबर तिथं.

"हायेस न्हवं तिथंच?" तिनं विचारलं.

"हाय आई," मी म्हणालो. "तिथंच हाय."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.